दारिद्र्यनिर्मूलन : जागतिक उद्दिष्टे व सोलापूरचा अनुभव

दारिद्र्यनिर्मूलन : अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्य व शिक्षण या किमान गरजा भागविण्यास असमर्थ असलेल्या लोकसमूहास त्या अवस्थेतून बाहेर काढण्यासाठी राज्यसंस्था, आंतरराष्ट्रीय संघटना आणि स्वतः तो समूह यांनी केलेला संघटित प्रयत्न. दानधर्म व दुष्काळनिवारण या प्राचीन कल्पनांहून ही कल्पना भिन्न आहे. दानाने व तात्पुरत्या साहाय्याने प्रसंग निभावतो. निर्मूलनात तो प्रसंग पुन्हा उद्‌भवू नये, अशी अपेक्षा असते. विकसनशील देशांतील दारिद्र्य ठरावीक मुदतीत ठरावीक प्रमाणात घटवावे, असे उद्दिष्ट जगातील बहुतेक राष्ट्रांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केले. या उद्दिष्टाचा इतिहास सामान्यतः परिषदा, ठराव व सरासऱ्या यांच्या आधारे सांगितला जातो. एखाद्या श्रमिक शहराच्या अनुभवावरून तो पाहिल्यास त्याचे बल व उणिवा या दोहोंचा अधिक स्पष्ट बोध होतो. महाराष्ट्रातील सोलापूर हे तसे शहर आहे. दुष्काळी प्रदेशाच्या मध्यावर वसलेल्या या गावात कापडगिरण्या, हातमाग, यंत्रमाग व विडी उद्योग एकामागून एक वाढले. त्यांनी सुमारे दीड शतक हजारो कुटुंबांना दारिद्र्याच्या वर काढले आणि त्यांतील अनेकांना पुन्हा खालीही लोटले.

मोजमापाचा इतिहास : दारिद्र्य कमी झाले की नाही, हे ठरविण्यापूर्वी ते मोजावे लागते. भारतात हा प्रयत्न प्रथम दादाभाई नवरोजी यांनी केला. भारतीयांच्या दारिद्र्यावरील १८७६ मधील आपल्या निबंधात त्यांनी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये धरले आणि त्याची तुलना तुरुंगातील कैद्यांना दिल्या जाणाऱ्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली. मोकळ्या माणसाच्या वाट्यास कैद्याइतकेही येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष राजकीय दृष्ट्या प्रभावी ठरला. किमान जीवनमानाची एक रक्कम ठरवून तिच्या खालील लोकांस दरिद्री मानण्याची पद्धती या गणितात बीजरूपाने होती. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीने पोषणास लागणाऱ्या उष्मांकांच्या आधारे किमान जीवनमानाचा विचार पुढे नेला. १९६२ मध्ये एका कार्यगटाने १९६०–६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हा किमान उपभोगखर्च सुचविला.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या विषयाला शास्त्रीय अधिष्ठान दिले. दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळण्यास १९६०–६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व नागरी भागात २२ रुपये ५० पैसे लागतात, असे धरून त्यांनी ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या मर्यादेखाली असल्याचे दाखविले. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक बांधकामांद्वारे रोजगार पुरविण्यावर भर दिला. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांक ही कसोटी स्वीकारली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांवर विसंबण्याची पद्धत सोडून शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चही लक्षात घेतला. तिच्या पद्धतीनुसार भारतातील दारिद्र्याचे प्रमाण २००४–०५ मध्ये ३७·२ टक्के होते. ते २०११–१२ मध्ये २१·९ टक्क्यांवर आले.

रेषा बदलली की दरिद्री लोकांची संख्या बदलते; त्यामुळे रेषेसंबंधीचे वाद केवळ तांत्रिक राहत नाहीत. मात्र या सर्व पद्धतींत एक मर्यादा समान आहे. एखादे कुटुंब पाहणीच्या वेळी रेषेच्या वर आहे की खाली, एवढेच त्या सांगतात. ते तेथे किती काळ टिकेल, हे सांगत नाहीत.

जागतिक उद्दिष्टे : संयुक्त राष्ट्रांनी १९६१ मध्ये पहिले विकास दशक घोषित केले, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ हाच विकासाचा मुख्य निकष मानला जात होता. उत्पन्न वाढले की त्याचा लाभ पाझरत तळापर्यंत जाईल, अशी अपेक्षा त्यामागे होती. ती फोल ठरत असल्याचे दशकाच्या अखेरीस दिसून आले. १९७३ मध्ये नैरोबी येथे जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्‌नमारा यांनी निरपेक्ष दारिद्र्याचा प्रश्न मांडला. १९७६ च्या जागतिक रोजगार परिषदेत आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने मूलभूत गरजांचा पुरस्कार केला. भारतातही १९७१ ची लोकसभा निवडणूक ‘गरिबी हटाव’ या घोषणेवर लढविली गेली आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेत (१९७४–७९) किमान गरजा कार्यक्रमाचा अंतर्भाव झाला. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल निघाला. अमर्त्य सेन यांच्या विचारांचा त्यावर मोठा प्रभाव होता. त्याच वर्षी जागतिक बँकेने दरडोई दररोज एक डॉलर ही आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा प्रचारात आणली.

सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक जाहीरनाम्यातून आठ उद्दिष्टे पुढे आली. अत्यंत दरिद्री लोकांचे प्रमाण १९९० ते २०१५ या काळात निम्म्यावर आणणे, हे त्यांतील पहिल्या उद्दिष्टाचे मुख्य लक्ष्य होते. जागतिक सरासरीने ते मुदतीपूर्वीच गाठले. यात चीनचा वाटा फार मोठा होता आणि त्या खालोखाल भारताचा वाटा महत्त्वाचा होता. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्या जागी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे व १६९ लक्ष्ये स्वीकारण्यात आली. २०३० पर्यंत अत्यंत दारिद्र्याचे संपूर्ण उच्चाटन हे त्यांतील पहिले उद्दिष्ट होय. त्यात सर्वांसाठी सामाजिक संरक्षणव्यवस्था आणि आपत्तींना तोंड देण्याची दरिद्री लोकांची क्षमता या दोन्हींचा समावेश करण्यात आला. कोविड साथीमुळे २०२० मध्ये जगात सुमारे सात कोटी लोक नव्याने अत्यंत दारिद्र्यात ढकलले गेले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. रेषा ओलांडलेले लोक किती सहज खाली येतात, याचा तो दाखला होय. सोलापूरच्या श्रमिकांना हा अनुभव बऱ्याच पूर्वी आला होता.

सोलापूर : दुष्काळ व गिरण्या : सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. पाऊस अल्प व अनिश्चित असल्याने तेथील शेती प्रामुख्याने ज्वारीची व कोरडवाहू राहिली. १८६० मध्ये लोहमार्ग आल्यावर गावाचे व्यापारी महत्त्व वाढले. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील इतर दख्खनी जिल्ह्यांबरोबर सोलापूरचीही अपरिमित हानी झाली. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर अल्पशी भर घालून येईल इतकी खाली आणली गेली. तेव्हा अनेक मजुरांनी कामे सोडून निषेध व्यक्त केला. पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळाची माहिती पद्धतशीरपणे गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि टंचाईच्या काळात धडधाकट माणसास काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तत्त्व प्रशासनात रुजले. मात्र ते कर्तव्य होते. मजुराला त्यासाठी कोणावर हक्क सांगता येत नव्हता.

याच दुष्काळाच्या काळात, १८७७ मध्ये, सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे ती ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम इ. गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासच्या खेड्यांतील भूमिहीन व दुष्काळग्रस्त कुटुंबे तेथे कामास आली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती शहराच्या पूर्व भागात वाढली. कानडी, तेलुगू, उर्दू व मराठी या चार भाषा बोलणारा श्रमिकवर्ग तेथे तयार झाला. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कुंपणात ठेवलेल्या वसाहतीतील माणसांनाही गिरण्यांत कामाला लावले जाई. हा केंद्रीय कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. म्हणजे एकाच गिरणीच्या भोंग्यावर कामास जाणाऱ्यांत दुष्काळाने हुसकलेला कुणबी, परप्रांतातून आलेला विणकर आणि सरकारी पहाऱ्याखालील कुटुंब हे तिघेही असत. गिरणीच्या नियमित पगाराने त्यांच्या जीवनाला एक स्थैर्य दिले. स्वातंत्र्यपूर्व काळात धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची आर्थिक व सामाजिक पाहणी केली. तीवर आधारलेला ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका भारतीय औद्योगिक शहराच्या जीवनमानाची नोंद म्हणून तो महत्त्वाचा मानला जातो.

गिरणी बंद पडण्याचा प्रश्न : ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने जुनी गिरणी बंद केली. हजारो कामगार एकाएकी बेकार झाले. गैरव्यवस्थापनामुळे जीवनावश्यक वस्तूचे उत्पादन घटले व समाजाच्या एका घटकात गंभीर बेकारी उत्पन्न झाली, असे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. त्याचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. एका भागधारकाने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये चिरंजीतलाल चौधरी खटल्यात न्यायालयाने बहुमताने हे आव्हान फेटाळले. परंतु डिसेंबर १९५३ मधील द्वारकादास श्रीनिवास खटल्यात नुकसानभरपाईवाचून मालमत्ता हिरावून घेतल्याच्या कारणावरून तो वटहुकूम घटनाबाह्य ठरविण्यात आला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीस जे निर्णय कारणीभूत झाले, त्यांत या निर्णयाचा समावेश होतो.

भारतीय संविधानाच्या अभ्यासकांना हे खटले मालमत्तेच्या हक्कासंबंधी परिचित आहेत. दारिद्र्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा आहे. भागधारकाचा हक्क न्यायालयात मांडता आला, कारण तो मूलभूत हक्क होता. कामगाराच्या रोजगारास मात्र तसे संरक्षण नव्हते. काम मिळण्याचा हक्क संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि न्यायालयामार्फत तो थेट बजावून घेता येत नाही. पुढील काळात जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा व आर्थिक अडचणी यांमुळे शहरातील बहुतेक जुन्या गिरण्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडल्या.

माग व विडी : गिरण्यांतून बाहेर पडलेल्या श्रमिकांना प्रामुख्याने यंत्रमागांनी सामावून घेतले. सोलापुरी चादर व टॉवेल यांना देशांतर्गत व परदेशी बाजारपेठ लाभली आणि त्यांना भौगोलिक निर्देशांकही मिळाला. परंतु गिरणीच्या तुलनेत यंत्रमागाचे कारखाने लहान व विखुरलेले होते. मजुरी बहुधा उत्पादनाच्या प्रमाणात मिळे. सुताचे भाव चढले किंवा मालाला उठाव नसला, की माग थांबत व त्याबरोबर मजुरीही थांबे.

या अनिश्चिततेत अनेक घरांचा खर्च स्त्रियांच्या विडीकामावर चालला. कंपनीच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घरी न्यावयाचा, पाने भिजवून व कापून विड्या वळावयाच्या आणि तयार माल शाखेत परत द्यावयाचा, अशी ही पद्धत. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. पाने कमी किंवा खराब मिळाल्यास तूट कामगाराने भरावयाची आणि सदोष ठरविलेल्या विड्यांची मजुरी बुडावयाची, या जुन्या तक्रारी होत. घर हीच कामाची जागा असल्याने या स्त्रिया कामगार आहेत की नाहीत, हाच मुळात वादाचा विषय होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांचाही कामगार म्हणून स्वीकार केला आणि कच्च्या मालाचे वाटप व नाकारलेल्या विड्या यांसंबंधीच्या तंट्यांसाठी तरतूद केली. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून आरोग्य, शिक्षण व घरे यांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. भविष्य निर्वाह निधीचा कायदाही या उद्योगास लागू झाला आणि घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही तो लागू होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विडीवरील उपकर रद्द झाला. १९६६ चा कायदा नव्या कामगार संहितांत विलीन करण्यात आला असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या.

विडी उद्योगाच्या बाबतीत जागतिक उद्दिष्टांमधील एक अंतर्विरोध प्रत्ययास येतो. शाश्वत विकासाच्या तिसऱ्या उद्दिष्टात तंबाखू नियंत्रणविषयक आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी अंतर्भूत आहे. भारताने हा करार २००४ मध्ये मान्य केला. तंबाखूमुळे होणारे रोग व मृत्यू पाहता हे धोरण रास्तच आहे. तंबाखूच्या धुळीचा त्रास विडी वळणाऱ्या स्त्रियांनाही होतो. परंतु विडीचा खप घटला की पहिल्या उद्दिष्टाच्या लाभार्थी मानल्या गेलेल्या याच स्त्रियांचे काम घटते. त्या करारातील सतराव्या अनुच्छेदात तंबाखूवर उपजीविका करणाऱ्यांना परवडणारे पर्यायी काम मिळवून देण्यास चालना द्यावी, असे म्हटले आहे. सिगारेट व विडी यांवरील निर्बंध कायद्याने तत्काळ लागू होतात. पर्यायी कामाला मात्र कायद्याचे तितके बळ नसते. त्यामुळे एका उद्दिष्टाचा खर्च दुसऱ्या उद्दिष्टाच्या लाभार्थींवर पडतो.

रोजगाराची हमी : दारिद्र्यनिर्मूलनाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्वतंत्र योगदान म्हणजे रोजगार हमी योजना होय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा प्राथमिक प्रयोग झाला. १९७२–७३ च्या दुष्काळाने तिला व्यापक रूप दिले. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. सोलापूर हा अवर्षणग्रस्त जिल्ह्यांपैकी एक होता. पिके बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय अभ्यासकांनी या कामांना दिले आहे. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळ संहितेत जे सरकारचे कर्तव्य होते, ते या कायद्याने मजुराचा हक्क बनविले. मागणी केल्यावर ठरावीक मुदतीत अकुशल काम द्यावे, ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसायकर आकारण्यात आला. त्यामुळे शहरातील पगारदारांनी खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, असे तत्त्व प्रत्यक्षात आले. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा करून प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राचा अनुभव त्याचा एक आधार होता. २०२५ च्या अखेरीस त्या जागी संसदेने दुसरा कायदा संमत केला.

या हमीला एक सीमा होती. राज्याचा कायदा ग्रामीण क्षेत्र व क वर्ग नगरपरिषदांच्या हद्दी यांपुरता होता. सोलापुरास १९६४ मध्ये महानगरपालिका लाभली होती. त्यामुळे शहरातील बेकार माग कामगार हमीच्या बाहेर राहिला. जिल्ह्यातील दुष्काळग्रस्त शेतमजुरास मिळालेला हक्क त्याच जिल्ह्यातून दोन पिढ्यांपूर्वी शहरात आलेल्या गिरणी कामगारास नव्हता. नागरी दारिद्र्यासाठी १९९७ मध्ये सुवर्ण जयंती शहरी रोजगार योजना व पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले. स्वयंरोजगार, प्रशिक्षण व बचतगट हे त्यांचे स्वरूप होते. कामाच्या हक्काचे नव्हते.

शुक्रवार पेठ व दारिद्र्यरेषा : सोलापूरच्या जुन्या गावात वारांच्या नावांच्या ज्या पेठा आहेत, त्यांपैकी शुक्रवार पेठ ही एक होय. अशा पेठेत व्यापारी, नोकरदार, कारागीर व रोजंदारीवरील मजूर यांची घरे एकमेकांस लागून असतात. झोपडपट्टी म्हणून घोषित झालेल्या वस्तीतील दारिद्र्य नकाशावर दाखविता येते. जुन्या पेठेतील दारिद्र्य शेजारच्या सुस्थितीत झाकले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे उपभोगखर्चाचे अंदाज प्रामुख्याने राज्यपातळीपर्यंतच विश्वसनीय मानले गेले. पेठेची, किंबहुना शहराचीही दारिद्र्यसंख्या त्यांतून निघत नाही. त्यामुळे जागतिक अहवालातील आकडा आणि पेठेतील कुटुंब यांच्यामध्ये बराच अंतराय राहतो.

सामान्य कुटुंबापर्यंत दारिद्र्यरेषा पोहोचली ती शिधापत्रिकेच्या रूपाने. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका देण्यात आल्या. पिवळ्या पत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये होती. पत्रिकेच्या रंगावर केवळ धान्यच नव्हे, तर इतर अनेक सवलती अवलंबून राहिल्या. उत्पन्न अनियमित असलेल्या कुटुंबाचा रंग मात्र एकदाच ठरे. माग चालू असताना केशरी पत्रिकेस पात्र ठरलेले घर माग थांबल्यावर पिवळ्या पत्रिकेच्या अवस्थेत येई. पण पत्रिका बदलण्यास कार्यालयात खेटे घालावे लागत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्के व नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा कायदेशीर हक्क दिला. व्याप्ती रुंद केल्याने रेषेच्या आसपास हेलकावे खाणाऱ्या अनेकांना संरक्षण मिळाले. कोविड काळात शहरांतील व्यवहार थंडावले असताना या व्यवस्थेचा उपयोग झाला.

घर व संघटना : उत्पन्न थांबले तरी हिरावून घेतली जात नाही, अशी मालमत्ता म्हणजे घर. सोलापुरात विडी कामगार स्त्रियांनी संघटित होऊन घरांची मागणी केली. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली शहरानजीक कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रेनगर प्रकल्प हाती घेण्यात आला. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतील १५,००० घरे विडी व माग कामगार, कचरावेचक इत्यादींना देण्यात आली. केंद्र व राज्य यांचे अनुदान, कामगारांची स्वतःची वर्गणी आणि संघटनेचा दीर्घ पाठपुरावा या तिन्हींवर हे प्रकल्प उभे राहिले. परस्परविरोधी राजकीय विचारांच्या सरकारांच्या काळात ही मागणी टिकून राहिली, हे लक्षणीय आहे. मात्र अशा दूरच्या वसाहतींत पाणी, वाहतूक, शाळा व जवळचे काम मिळाले तरच घराचा पुरेपूर लाभ होतो. पाण्याच्या बाबतीत तर सारे शहरच परावलंबी आहे. भीमा नदीवरील उजनी धरणाने जिल्ह्यात ऊस व साखर कारखाने वाढविले आणि शहरालाही पाणी दिले. तथापि २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर पोहोचलेल्या या शहरास दीर्घकाळ काही दिवसांआड पाणीपुरवठा होत राहिला. पाणी येईल त्या दिवशी घरातील एका व्यक्तीची मजुरी बुडते. उपभोगखर्चाच्या पाहणीत हा तोटा वेगळा दिसत नाही.

मूल्यमापन : जागतिक उद्दिष्टांनी दारिद्र्याचा प्रश्न राष्ट्रांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणला, मुदत व माप ठरविले आणि सरकारांना उत्तरदायी करण्याचे एक साधन दिले. भारताच्या नीती आयोगाने आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांवर आधारलेला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक स्वीकारला. त्यानुसार देशातील बहुआयामी दारिद्र्य २०१५–१६ मधील २४·८५ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये १४·९६ टक्क्यांवर आले. ही घट खरी व मोलाची आहे. स्वयंपाकाचा गॅस, स्वच्छतागृह, वीज, बँकखाते यांचा प्रसार या निर्देशांकात दिसून येतो. परंतु तोही कुटुंबाचे त्या वेळचे चित्र देतो.

सोलापूरचा इतिहास याहून एक निराळी कसोटी सुचवितो. तेथे १८७७ नंतर गिरणीने, पुढे मागाने व विडीने कुटुंबे वर काढली. प्रत्येक वेळी उद्योग डळमळला, की ती खाली आली. खाली येताना ज्यांनी आधार दिला, त्या गोष्टी कायद्याने मिळालेल्या किंवा संघटनेने मिळविलेल्या होत्या : खेड्यातील कामाची हमी, घरी काम करणारीलाही लाभलेला कामगाराचा दर्जा, भविष्य निर्वाह निधी, स्वस्त धान्य व स्वतःचे घर. जेथे असा हक्क नव्हता, तेथे उत्पन्नातील वाढ टिकली नाही. शहरातील कामाची हमी हे त्याचे ठळक उदाहरण होय. शाश्वत विकास उद्दिष्टांत सामाजिक संरक्षण व आपत्तिसहनशीलता यांना स्थान मिळाल्याने हा विचार जागतिक पातळीवरही मान्य झाला आहे. मात्र अहवालांत आजही भर असतो तो रेषा ओलांडणाऱ्यांच्या संख्येवर. किती लोक रेषेच्या वर आले, याबरोबरच त्यांतील किती पुन्हा खाली गेले व किती जणांना खाली जाण्यापासून वाचविणारा हक्क आहे, याची नोंद ठेवली गेली, तर दारिद्र्यनिर्मूलन या शब्दातील निर्मूलनाचा अर्थ सार्थ होईल. [→ दुष्काळ, रोजगार हमी योजना, विडी उद्योग, सोलापूर शहर].